गुरुजींनंतर कोण? ध्यानकेंद्राचं नियोजन आणि वाटून घेतलेली जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातल्या एका ताईंच्या गावाबाहेर वीस गुंठ्यांत छोटं ध्यानकेंद्र आहे. पत्र्याच्या छताचा हॉल, स्वयंपाकघर, चार खोल्या. एका निवृत्त शिक्षकांनी ते उभं केलं आणि आजवर चालवलं. आता त्यांचं वय झालंय. कमिटी कागदावर आहे, बैठक मात्र बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी एकदाच होते. तरुणांना दहा दिवसांची शिबिरं घ्यायची आहेत, जुन्या मंडळींना विहार हा विहारच राहावा असं वाटतं, रायबाग-अथणीकडून कन्नड बोलणारे साधक येऊ लागलेत, आणि सगळं ‘गुरुजींनंतर कोण’ या प्रश्नावर अडलंय. सगळ्यांना सोबत घेऊन पुढच्या चार-पाच वर्षांचं नियोजन कसं करायचं आणि नेतृत्व खरंच वाटून घेता येतं का, असं ताई विचारतात.

जयभीम ताई.

‘गुरुजींनंतर कोण’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. निपाणीपासून खानापूरपर्यंत विहारांच्या आणि ध्यानकेंद्रांच्या व्यवस्थेत मी आयुष्याचा मोठा भाग घालवलाय. जिथं लोक हा प्रश्न धरून बसले तिथं दोनच गोष्टी होताना पाहिल्या. एक तर गुरुजींच्या घरातला कोणीतरी त्यांच्या जागी बसला, नाहीतर दोन तट पडले आणि हॉलला कुलूप लागलं. गुरुजींच्या जागी दुसरा माणूस शोधू नका. गुरुजी एकट्यानं जी कामं ओढतात ती मोकळी करून दहा-बारा जणांत वाटा, आणि ती वाटली गेलीत हे सगळ्यांना दिसू द्या. नेतृत्व वाटता येतं, पण नुसती पदं वाटून ते होत नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहसचिव ही पदं तुमच्या कागदावर आजही असतीलच. किल्ल्या, हिशेब, फोन नंबर आणि निर्णय हे चारही जोवर एका माणसाकडे आहेत, तोवर कमिटीत पंधरा नावं असली तरी केंद्र एकट्याचंच.

‘एक माणूस नसेल तर शिस्त कशी राहणार?’ असं तुमच्याकडची जुनी मंडळी नक्की म्हणतील. हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहात विचारला गेलाय. भगवंतांच्या, म्हणजे बुद्धांच्या, परिनिर्वाणानंतर त्यांचे शिष्य आनंद गोपक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाकडे गेले असताना मगधाचा महामात्य वस्सकार यानं त्यांना विचारलं, भगवंतांनी आपल्यामागे कोणाला नेमलंय का? आनंद म्हणाले, नाही. मग संघानं मिळून कोणाला नेमलंय? तेही नाही. मग तुमची एकी कशाच्या आधारावर? आनंदांचं उत्तर मज्झिम निकाय या पाली ग्रंथात आहे: आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार. पुढं त्यांनी हा आधार कसा चालतो तेही सांगितलं. एका परिसरात राहणारे आम्ही सगळे उपोसथाच्या ठरलेल्या दिवशी एकत्र जमतो, पातिमोक्ख म्हणजे भिक्खूंचे नियम म्हटले जातात, ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याच्याशी नियमाप्रमाणे वागतो. आणि ज्याच्या अंगी शील, श्रुत, समाधान असे गुण आहेत त्याचा आदर करतो, त्याच्या आश्रयानं राहतो. म्हणजे आदर माणसाला आणि अधिकार ठरलेल्या रीतीला. तुमच्या गुरुजींना हाच भाग वाचून दाखवा. त्यांचा मान एका काडीनंही कमी होत नाही, हे त्यांना त्यातून दिसेल. घाबरलेल्या मंडळींनाही दिसेल.

आता कामाचं बोलू. एखाद्या रविवारी वंदना झाल्यावर भिंतीला मोठा कागद लावा आणि केंद्र चालण्यासाठी जे जे होतं ते सगळं लिहा. कुठलंही काम क्षुल्लक म्हणून सोडू नका. पहाटे हॉल कोण उघडतं. बोअरची मोटर कोण चालू करतं, आणि थ्री-फेज रात्री आली तर कोण उठतं. गॅसचं कार्ड कोणाच्या नावावर, लाईटचं मीटर कोणाच्या नावावर. ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, कोण भेटतं. घरपट्टीच्या पावत्या कुठल्या कपाटात. शेजारच्या शेतकऱ्यानं बांधावरून वाट दिलीय ती कोणाच्या शब्दावर. नवा माणूस पहिल्यांदा ध्यानाला आला तर त्याच्याशी कोण बोलतं, आणि बसता बसता कोणी रडू लागलं तर त्याच्याजवळ कोण जातं. मग प्रत्येक कामापुढं दोन नावं लिहा: आज कोण करतं, आणि ते नसले तर आणखी कोणाला येतं. दुसरा रकाना जिथं मोकळा राहील तिथं तुमच्या केंद्राचा खरा धोका आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या रकान्यात गुरुजी आणि दुसरा मोकळा, असंच चित्र निघतं.

या कागदावर आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती मी मुद्दाम सांगते. भांडी, केर, पाणी, स्वयंपाक, चादरी धुणं या कामांपुढं बायकांची नावं येतात आणि कमिटीच्या यादीत त्यातलं एकही नाव नसतं. आमच्या निपाणी भागात दिवसभर विड्या वळून आलेल्या बायका संध्याकाळी शिबिराचा स्वयंपाक करतात. बैठक सुरू झाली की चहा देऊन दाराबाहेर उभ्या राहतात. ज्यांच्या हातावर केंद्र चालतं त्या निर्णयाच्या खोलीत नसतील, तर तुमचं नियोजन हवेतलंच राहील. महिला प्रतिनिधी म्हणून एकीला बसवून हे मिटत नाही. भोजनाची जबाबदारी जिची, तिला भोजनाच्या खर्चाचा अधिकार द्या. तिच्या होकाराशिवाय शिबिराची तारीख ठरवू नका.

जबाबदाऱ्या कशा द्यायच्या यासाठी बाहेरचं काही आणायची गरज नाही. विनयात, म्हणजे भिक्खू संघाच्या नियमग्रंथात, संघाची पदं कामावरून ठरलेली आहेत: भोजन वाटणारा भत्तुद्देसक, राहण्याची जागा लावून देणारा सेनासनपञ्ञापक, कोठार सांभाळणारा भांडागारिक. दब्ब मल्लपुत्त हे अर्हत होते, तरी जागा लावून देण्याचं आणि भोजन ठरवण्याचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं आणि संघानं ते रीतसर ठराव करून त्यांना दिलं. या माणसांची पात्रताही सांगितलीय. आवडीनिवडीनं, रागानं, अज्ञानानं किंवा भीतीनं जो वाकडं चालत नाही, आणि ज्याला आपलं काम कळतं, असा माणूस. कोठार सांभाळणाऱ्याला काय जपून ठेवलंय आणि काय नाही हे माहीत हवं, एवढीच साधी अट. यात ध्यान किती वर्षं केलं याचा उल्लेख नाही. आपल्याकडं मात्र जो जास्त वेळ मांडी घालून बसतो त्याच्याच हाती हिशेबाची वही जाते. साधना खोल असलेला माणूस हिशेबात कच्चा असू शकतो. त्यात त्याचा दोष नाही आणि वहीचाही नाही.

मी पाहिलेल्यात टिकलेली रीत अशी आहे: एक काम, एक मुख्य माणूस, एक साथीदार. मुदत तीन वर्षांची. मुदत संपली की साथीदार मुख्य होतो, नवा साथीदार येतो, आणि जुना माणूस किमान एक वर्ष त्या कामापासून लांब राहतो. हे लांब राहणंच अवघड जातं. ‘मी फक्त सल्ला देतो’ म्हणत जुना माणूस रोज स्वयंपाकघरात डोकावला तर नव्याला काम कधीच आपलं वाटणार नाही. सगळ्यांच्या मुदती एकाच वर्षी संपू देऊ नका. दरवर्षी एक तृतीयांश बदलले की सातत्य राहतं.

निर्णय कसे घ्यायचे, यावर थोडं थांबते, कारण आपली भांडणं इथंच होतात. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की संसदीय रीत भारताला नवी नाही, बौद्ध भिक्खू संघांना ती ठाऊक होती. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, सगळ्याचे नियम संघात होते. हे भाषण आपण जयंतीला आवडीनं ऐकवतो. विहाराच्या कमिटीत मात्र कोण मोठ्यानं बोलतो यावर ठराव होतात.

विनयातली रीत साधी आहे. आधी प्रस्ताव मांडायचा. लहान कामाला तो एकदा, मोठ्या कामाला तीनदा जाहीर करायचा. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं. तुमच्याकडं हे असं आणा. रोजच्या खर्चाचे आणि कामाचे निर्णय ज्याचं काम त्यानं घ्यावेत, कोणाला विचारत बसू नये. जमीन, बांधकाम, कर्ज, शिकवणारा माणूस बदलणं, पद्धत बदलणं, एवढ्या मोठ्या गोष्टी मात्र लेखी प्रस्ताव करून लागोपाठ तीन पौर्णिमांना वाचून दाखवाव्यात आणि तिसऱ्या पौर्णिमेला ठरवाव्यात. तरुण म्हणतील तीन महिने फार झाले. घर बांधायला आपण त्याहून जास्त विचार करतो.

एक बदल मात्र करा. गप्प राहणं म्हणजे होकार, ही रीत भिक्खू संघात चालली कारण तिथं प्रत्येकाला बोलायचा हक्क आणि सराव होता. आपल्या गावात सून सासऱ्यासमोर गप्प बसते, पोरगा गुरुजींसमोर गप्प बसतो, घरी मालकाचं कर्ज असलेला माणूस मालकासमोर गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला होकार समजू नका. गोल बसा आणि सर्वांत लहान वयाच्या माणसापासून एकेकाला विचारा. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावं. पहिल्या दोन बैठकांत बायका ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणतील, तिसरीत बोलू लागतील, असा माझा अनुभव आहे. विनयात आजारी भिक्खूनं दुसऱ्याकरवी आपली संमती कळवायची सोय आहे, तीही वापरा. विड्यांच्या कामामुळं, बाळंतपणामुळं, ऊसतोडीला गेल्यामुळं जे येऊ शकत नाहीत त्यांचं म्हणणं शेजारणीकरवी बैठकीत यायला हवं. एकमत झालंच नाही तर शलाका, म्हणजे आपल्या भाषेत चिठ्ठ्या. विनयातल्या चुल्लवग्ग या भागात मतदानाचे गुप्त, कानात सांगण्याचे आणि उघड असे तीन प्रकार दिलेत. गावात माणसामाणसावर दबाव असेल तर गुप्तच घ्या.

या सगळ्याला एक अपवाद आधीच लिहून ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेकाठची माणसं रात्रीतून उठून उंचावर आली, तेव्हा आमच्या भागातल्या एका विहारात दाराची किल्ली ज्याच्याकडे होती तो परगावी होता. कुलूप तोडायचं की नाही यावर पावसात उभं राहून चर्चा चालली होती. लहान पोरं भिजत होती. शेवटी एका आजीनं दगड उचलला. आपत्तीत जो हजर असेल त्यानं दार उघडावं, चूल पेटवावी, कोठार मोकळं करावं, आणि हिशेब नंतर सांगावा, असं ठरावाच्या वहीत आजच लिहा. किल्लीचे तीन जोड करा आणि त्यातला एक केंद्राशेजारच्या घरात ठेवा.

आता चार-पाच वर्षांचं नियोजन. त्याची बैठक अश्विन पौर्णिमेला घ्या. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला तीन महिन्यांचा नेम, संपतो, तीन महिने सगळे नेमानं जमलेले असतात, आणि पवारणेचा दिवस असतो. त्या दिवशी भिक्खू एकमेकांना विनंती करतात की माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा. आधी तासभर ध्यानाला बसा, मग हीच विनंती प्रत्येक जबाबदार माणसानं सभेला करावी, मग पुढच्या वर्षाचं बोलावं. हा क्रम पाळला की मनातलं आधी बाहेर पडतं आणि नियोजनाच्या बोलण्यात जुने टोमणे कमी येतात.

नियोजन ऐपतीपासून सुरू करा, इच्छेपासून नको. एका बैठकीत मी होते तिथं तरुणांनी फळ्यावर चाळीस जणांचं दहा दिवसांचं निवासी शिबिर मांडलं होतं. सतरंज्या, उशा, माईक, पत्रकं, सगळा खर्च काढलेला. कोपऱ्यात बसलेल्या, वर्षानुवर्षं भाकऱ्या भाजणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आणि पाणी? मार्चनंतर बोअर तासाभरात ओढ घेतंय. चाळीस माणसं आंघोळ कशानं करणार?” फळ्यासमोरचा पोरगा थांबला. मग तिथंच हिशेब झाला. आंघोळ, संडास, कपडे, स्वयंपाक धरून माणशी ८० लिटर, म्हणजे दिवसाला ३,२०० लिटर, दहा दिवसांत ३२,०००. पाच हजार लिटरचे जवळपास साडेसहा टँकर. पुढं मावशींनी विचारलं, पहाटे चार वाजता घंटा झाल्यावर साडेसहाच्या नाश्त्यासाठी चूल कधी पेटवायची आणि ती कोण पेटवणार. त्या दिवशी ठरलं ते पंधरा जणांचं, तीन दिवसांचं, दिवाळीनंतरचं शिबिर. ते झालंही आणि नीट झालं. तुमच्या कागदावर आसनांच्या आधी पाणी, संडास आणि स्वयंपाक करणारे हात मोजा. त्यातलं सर्वांत कमी जे असेल, तेवढी तुमच्या केंद्राची ताकद.

तारखांचंही तसंच. गळितहंगाम सुरू झाला की ऊसवाले गावात नसतात, तंबाखूची काढणी असते तेव्हा अख्खं घर रानात असतं, मार्च-एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा, मृगाला पेरणी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी नि वेदगंगेकाठी पुराची धास्ती. हे दिवस कॅलेंडरवर आधी खोडा. जे दिवस उरतील त्यात वर्षाचे दोन मोठे कार्यक्रम आणि दर रविवारची ध्यानाची बैठक एवढं नेमानं झालं तरी पहिल्या वर्षासाठी पुष्कळ आहे. दुसऱ्या वर्षी साथीदार तयार करणं, तिसऱ्या वर्षी पाण्याची टाकी आणि संडास, आणि वरचा मजला अगदी शेवटी. तरुणांना आधी मजला हवा असतो, कारण तो दिसतो. माझं ठाम मत आहे की ज्या केंद्रात आठवड्याला वीस माणसं नेमानं बसत नाहीत, तिथं स्लॅब टाकू नये.

भांडणं होतील. कौशांबीत भिक्खू संघ फुटला तो न्हाणीघरातल्या भांड्यात पाणी उरलं या गोष्टीवरून. भगवंतांनी समजावलं, त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा भगवंत एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. याच्या उलट गोसिंग सालवनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल राहत होते. तिथं जो भिक्षेहून आधी येईल तो आसनं मांडायचा, जो मागून येईल तो आवरायचा, ज्याला पाण्याचा घडा रिकामा दिसेल तो भरायचा, आणि एकट्याला उचलेना तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलवायचा. दर पाच दिवसांनी रात्रभर बसून ते धम्मावर बोलत. कौशांबीतही पाण्याचं भांडं, गोसिंगातही पाण्याचं भांडं. तुमच्या केंद्रातही वाद सिद्धांतावरून कमीच होतील, संडास कोणी धुतला नाही यावरून होतील. म्हणून कामाचा फळा हॉलच्या दाराशी लावा, त्यावर अध्यक्षांचंही नाव संडासापुढं येऊ द्या, आणि तक्रार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणी टाकायची नाही, ज्याच्याशी आहे त्याच्याशी समोर बसून बोलायची, हा नियम पहिल्याच बैठकीत करा.

पैशाचं थोडक्यात. दानपेटी दोघांसमोर उघडायची आणि रक्कम त्याच दिवशी फळ्यावर लिहायची. बँकेत तिघांच्या सह्या, त्यातल्या कोणत्याही दोन पुरेशा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, कोणाच्या खासगी फोनचा नको. बांधकामाचं दान वेगळ्या वहीत. संगमरवरावर दात्याचं नाव कोरायची प्रथा सुरूच करू नका. ज्याची पाटी मोठी त्याचा आवाज मोठा, असं दोन वर्षांत होतं, आणि रोज दोन रुपये टाकणारी बाई मागं सरकते.

तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक धागा वेगळाच आहे. विपश्यना करणारे तरुण आणि विहाराची जुनी मंडळी. याला कमी लेखू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यावर आपल्या आईबापांचं आयुष्य उभं राहिलं. ज्या निपाणीत १९२५ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद भरली, त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसाला विहार म्हणजे माणूस म्हणून उभं राहायला मिळालेली जागा वाटते. दुसरीकडे सत्यनारायण गोयंका गुरुजींनी १९६९ पासून भारतात शिबिरं घेतली, १९७६ ला इगतपुरीत धम्मगिरी उभं राहिलं, आणि आपल्या कितीतरी पोरांची दारू, राग, निराशा त्या शिबिरांनी कमी केली. त्या पद्धतीत विपश्यना कुठल्याही एका संप्रदायाची नाही असं सांगतात. दहा दिवस इतर सगळे विधी आणि साधना बाजूला ठेवायला सांगतात. मग हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो शिबिरात झाकायचा का, त्रिशरण म्हणायचं की नाही, यावरून मनं दुखावतात. दोघांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या जागी खरं आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे. दहा दिवसांचं शिबिर तुम्ही स्वतः घेऊ नका. त्या परंपरेत ते अधिकृत आचार्यांशिवाय होत नाही, आणि होऊही नये. दहा दिवस मौनात माणसाच्या आतून काय वर येईल सांगता येत नाही, ते सांभाळणारा अनुभवी माणूस लागतो. हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे, तुमच्यापासून लांब नाही. ज्यांना दहा दिवस करायचेत त्यांना तिथं पाठवा. शिबिराला फी नसते, आणि दानही किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. मागं राहिलेल्या घरच्या म्हशी, पोरं, रानातलं पाणी बघायची जबाबदारी केंद्रानं वाटून घ्यावी. एखाद्या बाईला दहा दिवस घराबाहेर पडता यावं म्हणून तिची धार काढणारी शेजारीण शोधणं, हे केंद्राचं मोठं काम आहे. तुमचा हॉल रोजच्या ध्यानाच्या बैठकीला, आनापानाला (श्वासावरच्या ध्यानाला), मैत्रीभावनेला, वंदनेला, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला आणि पोरांच्या अभ्यासाला ठेवा. फोटो आहे तिथंच राहू द्या. तो तिथं नसता तर हॉलही नसता. दहा दिवसांचं शिबिर केलेल्या साधकांना सामूहिक साधना त्यांच्या पद्धतीनं करायची असेल तर खोल्यांपैकी एक त्यांना कायमची द्या, तिथं त्यांची शिस्त चालेल.

ध्यान कसं शिकवायचं यावर सभेत मत घेऊ नका. ते ज्याला येतं आणि ज्याला त्या परंपरेनं शिकवायला सांगितलंय, त्याचंच काम. पण शिकवणाऱ्याच्या हातात बँकेची सही किंवा जागेची कागदपत्रंही देऊ नका. हे दोन अधिकार जिथं एकत्र आले तिथं शिष्य प्रश्न विचारायला घाबरू लागतो. हिशेब विचारला तर श्रद्धा कमी आहे असं ऐकावं लागतं. ही एक भिंत तुमच्या केंद्रात पक्की बांधा.

कन्नड साधकांबद्दल: त्यांना पाहुणे म्हणून वागवू नका. पाली वंदना दोघांचीही सारखीच, ती एकत्र म्हणा. ध्यानाच्या सूचना एका रविवारी आधी मराठीत मग कन्नडमध्ये, दुसऱ्या रविवारी उलट. ठरावाची वही दोन्ही भाषांत. आणि त्यांच्यातला एक जण सचिव करा, यात उपकार नाही, गरज आहे: जिल्हा रजिस्ट्रारकडे, तहसीलला, पंचायतीत सगळा कागद कन्नडमध्ये चालतो, आपल्या बऱ्याच कमिट्या तो न वाचताच सही करतात. सीमाप्रश्नावर तुमचं माझं मत असेल ते असेल, त्याची बैठक हॉलमध्ये नको. फलकावर कन्नड ठळक ठेवायचा नियम आहे तो पाळा, मराठीही लिहा, आणि त्यावरून कोणाला भांडायला जागा देऊ नका.

शेवटी गुरुजींशी बोलणं. त्यांना बैठकीत गाठू नका. तुम्ही आणि त्यांच्या विश्वासातले आणखी एक जण घरी जा, आणि ‘गुरुजी, आता विश्रांती घ्या’ असं म्हणू नका. ज्या माणसानं विटा स्वतः वाहिल्या त्याला ते वाक्य लागतं. ‘तुम्हाला जे येतं ते आम्हाला शिकवा’ म्हणा आणि कामाचा तो कागद पुढं ठेवा. दर आठवड्याला एक काम ते साथीदाराला शिकवतील, असं ठरवा. रविवारचं प्रवचन त्यांच्याकडंच राहू द्या, त्यांना झेपेल तोवर.

त्याच भेटीत एक गोष्ट विचारा, कितीही अवघड वाटली तरी: वीस गुंठ्यांचा उतारा कोणाच्या नावावर आहे? अशा अनेक केंद्रांची जागा संस्थापकाच्या स्वतःच्या नावावर राहिलेली असते. मनात कपट नसतं, त्यावेळी संस्था नोंदलेली नव्हती एवढंच. त्यांच्यामागे ती वारसांना लागते आणि वारसांना धम्माशी देणंघेणं असेलच असं नाही. संस्था नोंदलेली नसेल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सभासद लागतात. त्या सातात भोजनाची मावशी आणि कन्नड साधक असू द्या. नोंदलेली असेल तर वार्षिक सभा आणि कमिटीची यादी दरवर्षी रजिस्ट्रारकडे गेलीय का बघा. जागा बिनशेती झालीय का, संस्थेच्या नावावर दानपत्र कसं करायचं, हे चिकोडीतल्या चांगल्या वकिलाला विचारा, आणि गुरुजींची तब्येत बरी असताना, त्यांच्या मुलामुलींना समोर बसवून, सब-रजिस्ट्रारपुढं ते करून घ्या. कामाचा कागद, फळा, मुदती हे अश्विन पौर्णिमेपर्यंत थांबलं तरी चालेल. उताऱ्याची नक्कल मात्र या आठवड्यातच काढा.